उपडी पायली

आम्ही मूळचे कच्छचे. आजोबांनी कर्जतजवळ चौक गावात जुन्या हायवेलगत दुकान टाकलं आणि त्याला पाठ लावून घर बांधलं. मधे एक दार ठेवलं. आता कच्छी फक्त भांडताना तोंडात येते, एरवी आमची मराठीच, तीही इथली, हाय-नायवाली.

माझे वडील, बापूजी, धान्याचा व्यापार करायचे. बटणांचा काटा आला तरी सकाळी आलेला तांदूळ दुपारी पायलीनं मोजूनच कोठीत ओतायचे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. मोजणी संपली की ते मधल्या दारातून घरात येत आणि तेव्हा कुठे बा, म्हणजे माझी आई, दोघांची ताटं वाढायची. त्यांच्याआधी तिनं कधी घास घेतला नाही. मला याचा भारी राग यायचा.

मागच्या वर्षी बापूजी गेले. आमच्यात दुकानाचा कर्ता गेला की पायली उपडी घालतात. तेराव्याला थोरल्या मुलानं ती उलटायची, भरायची आणि ‘लाभ’ म्हणून पहिलं माप ओतायचं. भाऊ पनवेलला असतो. तो म्हणाला, “दुकान बंदच करायचंय, मग भरायची कशाला?” शटर ओढून तो निघून गेला. पायली तशीच राहिली.

काही आठवड्यांनी मी कर्जतहून आले तर बा निम्मी झालेली. दुपार टळत आली तरी भात झाकलेला.

“जेवली का नाहीस?”

“त्यांचं मोजून होऊ दे गं.”

माझं डोकंच फिरलं. बोलायला तोंड उघडलं आणि दारापलीकडून तांदूळ ओतल्याचा आवाज आला, सर्रकन. मग बापूजींचा आवाज, “लाभ.” थोड्या वेळानं पुन्हा सर्र, पुन्हा “लाभ.” दोन काही येईना.

शेजारच्या गॅरेजातला रेडिओ असेल, असं स्वतःला बजावत मी दार उघडलं. कोठी रिकामी होती. पायली उपडी, तिच्यावरची धूळ जशीच्या तशी. पण दुकानात नव्या तांदळाचा वास भरून राहिला होता. मी घाबरले, सरळ सांगते. दार लावून घेतलं.

संध्याकाळी बाहेर आले तर लोधिवलीचे एक जुने गिऱ्हाईक ओट्याशी उभे होते. “दुकान उघडलंत काय गं?” ते म्हणाले. “मगाशी बी गेलो इथनं. मापाचा आवाज येतो नि शटर बंद हाय.”

रात्री मी भावाला फोन लावून सगळं सांगितलं. तो हसला. “बाला डॉक्टरकडं ने.” संध्याकाळीच नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशानं या फार दिवस काढणार नाहीत, यांना खायला घाला. खायला घाला म्हणे! जसं काही मीच चूल बंद ठेवली होती.

“मग ये आणि पायली भर,” मी म्हटलं.

“एवढी हौस असेल तर तूच भर.”

लेकीनं पायलीला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. लग्न होऊन जाताना ती दुकानाचा लाभ घेऊन जाते म्हणे. गेला तो नेम खड्ड्यात. इथं आई उपाशी मरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातला तांदूळ घेऊन मी दुकानात गेले. मधलं दार सताड उघडं ठेवलं. बा उंबऱ्यापलीकडे बसून माझ्याकडे बघत होती. ‘शिवू नकोस’ म्हणाली नाही. मी पायली उलटी केली, पुसली, भरली. चार दाणे खाली सांडले. “लाभ,” म्हटलं आणि ओतली.

दुसऱ्यांदा भरली. तोंड उघडणार तोच माझ्या कानाशी कुणीतरी शांतपणे म्हणालं, “दोन.”

मी वळून बाच्याकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि ती रडत होती.

“थांबू नकोस,” ती म्हणाली. “संपव. त्यांना भूक लागलीय.”

मी भरत गेले, ओतत गेले. आकडे मला म्हणावे लागले नाहीत. तांदूळ संपला तेव्हा दुकानातला तो वास गेला होता. घरात आले तर बानं दोन ताटं वाढलेली. ती एका ताटावर बसली आणि कित्येक दिवसांची भूक असावी तशी जेवू लागली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. दुसरं ताट मी माझ्याकडे ओढलं.

तिनं माझा हात धरला.

“तुझं वाढते गं,” ती म्हणाली, “जरा सरकून बस.”