मलिद्यातलं केळं

निवृत्त झाल्यापासून मला एक खूळ लागलं आहे. एखादं संस्कृत स्तोत्र लॅपटॉपवर उघडायचं आणि एकेका शब्दावर टिचकी मारत बसायचं. टिचकी मारली की मूळ धातू, अर्थ, तो शब्द आणखी कुठे कुठे आला आहे, सगळं पुढ्यात हजर. लहानपणापासून घडाघडा म्हटलेल्या ओळींचा अर्थ असा साठीनंतर उलगडतो तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसते. पेणमधल्या माझ्या रामवाडीतल्या शेजारणींचं मत आहे की बाई कामातून गेल्या.

हे खूळ रोह्याच्या मावशीच्या कानावर गेलं. मावशी म्हणजे माझ्या माहेरची शेजारीण, बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. तिच्या आळीतली बहुतेक घरं इस्रायलला गेली, ही हलली नाही.

"बाय, तुझ्या त्या मशीनला हिब्रू येतं काय?" तिने फोनवर विचारलं.

"येतं की. का गं?"

मग कळलं. इस्रायलमध्ये राहणाऱ्या तिच्या मुलीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती, आणि त्यासाठी मावशीने मलिद्याचा नवस बोलला होता. मलिदा म्हणजे ओलं खोबरं, साखर, वेलची घातलेले पोहे, भोवती फळं, आणि प्रत्येक फळ हातात धरून देवाचे आभार मानणारं हिब्रू वचन. ही वचनं नेहमी तिचे दीर म्हणत. तेही आता मुलाकडे तिकडे गेले होते. मावशीला सगळं पाठ होतं, पण ऐकून ऐकून. अर्थाचा पत्ता नव्हता.

"दीर फोनवरून म्हणायला तयार हायेत," ती म्हणाली, "पण नवस मी बोलले, तर तोंड माझंच हवं. आणि काय बोलते तेच मला ठाऊक नाय. चुकीचं बोलले तर नवस फिटला म्हणायचा काय गो?"

हे ऐकून मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी मी नागोठण्यावरून रोह्याला गेले. पेणचे पोहे हातात पडल्यावरच तिने मला बसायला सांगितलं.

मागल्या दारी लॅपटॉप मांडला. एका साइटवर वचनं सापडली. मावशी एकेक शब्द म्हणायची, मी तो शोधून टिचकी मारायची. मूळ उच्चार ऐकवणारा एक आवाजही तिथे होता. "घाई काय त्याला? एसटी चुकते काय?" मावशीने त्याला झापलं. पण खजूर, चिकू, सफरचंद, सगळं बिनचूक निघालं. झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या देवाचे आभार! अर्थ ऐकून मावशी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती.

केळ्यापाशी मात्र गाडी अडली. तिच्या तोंडून 'झाड'ऐवजी दुसराच शब्द आला, अदामा. टिचकी मारली तर माती, जमीन. त्यांच्या धर्मग्रंथात ठिकठिकाणी तो शेतजमिनीसाठी आला होता.

"जमिनीचं फळ? केळं?" मावशीचा चेहरा उतरला. "म्हणजे काकडीचं वचन मी केळ्याला लावलं. ऐकण्यात माझाच घोळ झाला." दिरांना फोन लावला, तो कुणी उचलेना.

मावशीची नजर परसात गेली. मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ घड उतरवल्यावर तोडून टाकली होती आणि बुडाशी नवं पिल्लू वर आलं होतं. मावशी ताडकन उठली.

"अगो, केळ झाड कुठं हाय? घड दिला की संपली! खोड तरी हाय काय तिला? नुसती एकावर एक गुंडाळलेली सोपटं! दर खेपेला जमिनीतूनच येते ना!"

मी साइटवरच्या टिपा धुंडाळल्या. अगदी हेच लिहिलं होतं. ज्याचा बुंधा वर्षानुवर्षं टिकत नाही ते झाड धरायचं नाही, त्याचं फळ जमिनीचं. मी वाचून दाखवताच मावशी म्हणाली, "बघ, लिहिणारा आपल्या परसात येऊन गेला असणार!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

गुरुवारी मलिदा झाला. आळीत उरलेल्या बायका आणि मी, आम्ही सगळ्या जमलो. समोर फोनवर तिकडची लेक, मांडीवर बाळ. मावशीने एकेक फळ उचलून आधी हिब्रूत आणि मग मराठीत सांगितलं, अजिबात न अडखळता. केळं उचलताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दर वचनाला आळीतल्या बायका सवयीने एका सुरात 'आमेन' म्हणत होत्या.

मी तिच्या कानाशी लागले, "मावशी, आमेनचाही अर्थ काढू?"

"तो नको काढू," ती फोनकडे बोट दाखवत म्हणाली. "तो अर्थ हा काय, आईची मांडी भिजवतोय."