तळहाताचा डाग

गिटारच्या कारखान्यात त्याला सगळे गंजोबा म्हणायचे. हे नाव तारा बसवणाऱ्या बायकांनी ठेवलं होतं आणि ते त्याला चपखल बसलं होतं. तारा ज्यांवर टेकतात ते कोरे करकरीत ब्रिज, खुंट्या, नॉब आणि स्क्रू त्याच्या टेबलावर यायचे, आणि आठ दिवसांत चाळीस वर्षं कुणाच्या तरी हाताखाली गेल्यासारखे होऊन बाहेर पडायचे. गिऱ्हाइकांना वाद्य नवंच हवं असायचं, पण दिसायला म्हातारं. मग लाकडाचा रंग एक कारागीर खरवडायचा आणि धातूला म्हातारपण आणायचं काम गंजोबाकडे.

तो आधी पोलादी काथ्याने वरची चकाकी घालवायचा. मग झाकणाच्या टबात तळाला ॲसिड ओतून वर तारेला एकेक तुकडा टांगायचा, धुतल्या कपड्यांसारखा. वाफ लागली की निकेल काळवंडायचं, स्क्रूंवर तांबूस पूड धरायची. कधी काढायचं ते घड्याळ सांगत नसे, डोळा सांगे. पाच मिनिटं जास्त झाली तर म्हातारपणाच्या जागी मढं हाती यायचं. या वाफेने त्याचं नाक कधीच गेलं होतं. घरी दूध करपलं तरी त्याला पत्ता लागत नसे.

गंमत अशी की त्याआधी बावीस वर्षं त्याने बरोब्बर उलटं काम केलं होतं. तो निकेल चढवणाऱ्या कारखान्यात होता. गंजलेले नळ, कड्या, सायकलींची हँडलं तो आरशासारखी करून द्यायचा. तो कारखाना बंद पडला आणि पन्नाशीत त्याला हे काम मिळालं. बायको म्हणायची, "वर गेल्यावर तुमचं काय करायचं ते देवालाही कळायचं नाही. जेवढं चकाकवलं तेवढंच गंजवून ठेवलंत." तो हसायचा, पण ते त्याच्या मनाला लागायचं.

म्हणून मालकाने जेव्हा सांगितलं, "काका, पुढच्या आठवड्यात एक जुना बास गिटार येतोय, सगळा धातू नव्यासारखा करायचाय, जमेल ना?" तेव्हा गंजोबाच्या अंगात वारं शिरलं. त्याने कोपऱ्यातली निकेलची लहान टाकी धुतली, चकाकी आणणारी बफिंगची चाकं झटकली. चार दिवस तो गुणगुणत होता. तारा बसवणारी एक बाई म्हणालीसुद्धा, "गंजोबा, घरात लग्न काढलंय का?"

सोमवारी सकाळी टेबलाजवळ एक काळी पेटी होती. आत बास होता, आणि त्याच्यावरचा धातू खरोखरचा गंजलेला. ब्रिजवर पत्र्याचं घुमटासारखं झाकण होतं. त्याच्या एका कडेला निकेल पार झिजून पितळ उघडं पडलं होतं आणि त्याभोवती हिरवट झालर धरली होती. गंजोबाने मान हलवली. काय हाल केलेत बिचाऱ्याचे! त्याने एकेक भाग सोडवला, साफ केला, घासला, टाकीत सोडला. संध्याकाळी झाकणात त्याला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला. इतका आनंद त्याला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मंगळवारी मालक आत आला आणि दारातच थांबला.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, नव्यासारखं…"

"तो बास उद्या यायचाय, काका! ह्याची नुसती आतली वायर जोडायची होती. पेटीच्या कप्प्यात चिठ्ठी आहे, वाचली नाहीत?"

चिठ्ठी होती. गंजोबाने आनंदाच्या भरात कप्पा उघडलाच नव्हता. बाईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "फक्त आवाज दुरुस्त करावा. बाकी कशालाही हात लावू नये, पुसूही नये. हा माझ्या मुलीचा आहे. ती आता नाही."

गंजोबा स्टुलावर बसला.

मालक वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. तो बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग म्हणाला, "आणला तेव्हा मी फोटो काढलेत. चार काढलेत. काका, जगात हे पुन्हा करू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो इथे बसलाय. बाई शुक्रवारी येणार आहेत."

"त्यांना सांगून टाकू या, साहेब."

"काय सांगणार? तुमच्या मुलीच्या हाताचा घाम आम्ही पुसून टाकला म्हणून?"

गंजोबा स्टुलावरून उठला. तो कामाला लागला. खुंट्या आणि स्क्रू सोपे होते. अडलं ते झाकणावर. तो डाग म्हणजे तळहाताच्या मनगटाजवळच्या फुगीर भागाचा आकार होता, पोरगी वाजवताना हात तिथे टेकवायची. फोटोत कड नीट दिसत नव्हती आणि त्याचा स्वतःचा पंजा फावड्याएवढा. बुधवारी तो झाकण पिशवीत घालून घरी घेऊन गेला.

"तुझा हात दे जरा," तो बायकोला म्हणाला.

तिने तळवा झाकणाच्या कडेवर टेकवला. त्याने पेन्सिलीने कड काढून घेतली. मग तिने विचारलं आणि त्याला सगळं सांगावं लागलं.

गुरुवारी दिवसरात्र बसून त्याने मेण लावून बाकीचा पत्रा झाकला, पेन्सिलीच्या कडेआतली तेवढीच जागा झिजवली, मीठ आणि व्हिनेगरच्या बोळ्याने हिरवी झालर धरवली. शुक्रवारी सकाळी त्याने फोटो शेजारी ठेवून पाहिला. आयुष्यात याहून सरस काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

बाई आल्या. साठीच्या, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. त्यांनी आधी आवाज ऐकला नाहीच. पेटी उघडून सरळ त्या डागावर आपला तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"तिच्या हाताला फार घाम यायचा हो," त्या म्हणाल्या. "शाळेच्या वह्या भिजायच्या, मी ओरडायचे. मोठी झाली तशी लाजेने कुणाचा हात धरेना. फक्त इथे मात्र तासन् तास हात ठेवून बसायची." मग गंजोबाकडे वळून त्यांनी विचारलं, "दादा, असा डाग पडायला किती वर्षं लागली असतील?"

मालक खिडकीबाहेर बघू लागला.

"पंधराएक," गंजोबा म्हणाला.

त्यानंतर त्याची झोप उडाली. तिसऱ्या आठवड्यात तो बायकोला म्हणाला, "मी जाऊन सांगणार आहे."

"मुळीच जायचं नाही," ती म्हणाली. "चूक तुमची, तुम्ही गिळा. तिच्या ताटात कशाला वाढता?"

"खोटं आहे गं ते."

"तिच्यासाठी खरं आहे. राहू द्या."

पण त्याने ऐकलं नाही. सुट्टीच्या दुपारी पत्ता शोधत तो दुसऱ्या मजल्यावर पोहोचला. बाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, दुरुस्ती नीट झाली की नाही ते बघायला हा माणूस आपणहून आलाय. त्यांनी त्याला मुलीच्या खोलीत नेलं. पलंगावर बास आडवा ठेवला होता, शेजारी खुर्ची.

"रोज बसते मी इथे," त्या म्हणाल्या आणि सवयीने त्यांचा हात झाकणावर गेला. "बोलते तिच्याशी. हसाल तुम्ही."

गंजोबाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टाकी, चिठ्ठी, फोटो, मेण, काही म्हणजे काही ठेवलं नाही. बोलून झालं तरी बाईंचा हात अजून तिथेच होता.

"मग हा हात कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बायकोचा. माप तिचं घेतलं."

बाईंनी हात उचलून घेतला, चटका बसल्यासारखा, आणि पदराला पुसला.

"आणि बाकीचं? खुंट्या? हे स्क्रू?"

"सगळंच, ताई."

"सगळंच," त्या म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला का सांगितलंत?"

"झोप लागत नव्हती."

"बरं. आता लागेल तुम्हाला." त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. तो पायऱ्या उतरू लागला तशा मागून एवढंच म्हणाल्या, "तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. आत्ता कुठे मला ती सापडली होती."

झोप लागली नाहीच. बायकोने काय झालं ते विचारलं नाही, त्याच्या तोंडाकडे पाहून ती समजली. 'मी सांगितलं होतं' असंही ती कधी म्हणाली नाही.

पंधरा दिवसांनी बाईंच्या भाच्याने तो बास कारखान्यात आणून दिला. "मावशी म्हणाली, घरात ठेवायचा नाही. तुम्हीच काय ते करा." मालकाने तो कारखान्यापुढच्या दुकानाच्या भिंतीवर टांगला. पहिल्याच आठवड्यात एक वादक आला, सगळ्या बनावट जुन्या गिटारी बाजूला सारून त्याने झाकणावरच्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा मात्र खरा. हा कुणीतरी जीव लावून वाजवलाय." तो बास विकत घेऊनही गेला. मालकाने गंजोबाच्या पाठीवर थाप मारली. गंजोबा मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

त्याने पॅकिंगमध्ये बदली मागितली. मिळाली. पण त्याच्या जागी आलेल्या माणसाने शंभर ब्रिज वाया घालवले, वाफेचा अंदाजच येईना त्याला. दोन महिन्यांनी मालक म्हणाला, "काका, तुमच्याशिवाय होत नाही हो," आणि गंजोबा मुकाट्याने टेबलावर परतला. या वयात दुसरीकडे कोण घेणार होतं त्याला?

बाई त्याला एकदाच दिसल्या. बायकोला खोकला झाला होता, तो औषधाच्या दुकानात रांगेत उभा होता आणि त्याच्या पुढे दोन माणसं सोडून त्या. खूप वाळल्या होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. गंजोबा रांगेतून हळूच मागे सरकला आणि बाहेर पडला.

"दुकान बंद होतं का?" बायकोने रिकामे हात पाहून विचारलं.

"हो," तो म्हणाला.