पान १८७ ते १९६

आधीच सांगून टाकतो. आमचे बाबा म्हणजे मुद्दाम अमावस्येला नवी स्कूटर घरी आणलेले गृहस्थ. शेजारच्या काकू लिंबू-मिरची घेऊन आल्या, तर त्यांनी लिंबाचं सरबत करून काकूंनाच पाजलं. अशा घरात वाढल्यावर भुताखेतांवर विश्वास बसायचा कुठून? त्यात मी मेकॅनिकल इंजिनियर. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू... बहुतेकदा हसायलाच. त्यामुळे आज कुणी मला हसलं, तर तक्रार करायची सोय नाही.

दुसरी गोष्टही सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी गे आहे. मला मुलगे आवडतात. आता हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागत नाही, पण ज्या काळातलं सांगतोय — २०१४ चा नोव्हेंबर — तेव्हा ते मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नव्हतं.

मी तेव्हा जर्मनीत, कार्ल्सरूहेत होतो. मास्टर्स संपवून तिथेच एका छोट्या कंपनीत लागलो होतो. युनिव्हर्सिटीतली मराठी गँग पांगली होती. कुणी ड्युसेलडॉर्फला, कुणी लग्न करून परत पुण्याला. मी एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटा. शनिवारी दुपारी सुपरमार्केटमधून आलो की सोमवारी सकाळी ऑफिसात ‘मॉर्गन’, म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. एकदा सोमवारी तो ‘मॉर्गन’ इतका घोगरा निघाला, की कलीगने सर्दी झाली का म्हणून विचारलं. सर्दी कसली... घसा वापरलाच नव्हता.

जर्मन मात्र सुधारायची होती. आमच्या चौकात काचेचं दार असलेलं एक कपाट होतं. ज्यांना नको झाली त्यांनी पुस्तकं ठेवायची, ज्यांना हवी त्यांनी न्यायची. नोंद नाही, विचारणं नाही. तिथे मला एक कादंबरी मिळाली. मूळ इंग्रजी, त्याचा जर्मन अनुवाद. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातली लॅटिनो वस्ती, आणि तिथला नेस्टर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. चाकू काढणारे मित्र, गॅरेजमध्ये राबणारा बाप, जिन्यावर बसून चकाट्या पिटणारी पोरं... आणि नेस्टरला त्यातलाच एक मुलगा आवडतो. मागच्या कव्हरवर हे वाचलं आणि मी इकडेतिकडे बघून ते पुस्तक जॅकेटमध्ये घातलं. फुकटचं पुस्तक चोरासारखं नेणारा त्या चौकातला मी पहिलाच असेन.

मी ते पुस्तक कसं वाचायचो ते सांगणं महत्त्वाचं आहे. आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंनी लावलेली सवय — शब्दार्थांची वही. पानावर तीन रकाने: पान क्रमांक, शब्द, मराठी अर्थ. अडलेला शब्द लिहिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. त्यामुळे दिवसाला सहा-सात पानं व्हायची. नेस्टर महिनाभर माझ्यासोबत जेवला म्हणा ना!

त्याच महिन्यात घरी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी साताऱ्याची, मृणाल. एम.एस्सी. झालेली, शांत, हुशार. स्काइपवर तीनदा बोललो होतो. तिसऱ्या वेळी ती जरा मोकळी झाली, म्हणाली, “तिकडे बर्फ असतो ना? मी थंडीचे बूट बघून ठेवलेत. तुमचा होकार आला की घेणार.” मी हसलो. कॉल संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. रविवारी जर्मन वेळेप्रमाणे अकराला दोन्ही घरं स्काइपवर येणार होती आणि मी हो म्हणायचं होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी नेस्टर उघडला. पान १८७, नवं प्रकरण.

त्या प्रकरणात घरच्यांनी नेस्टरचं लग्न ठरवलेलं असतं, लिडिया नावाच्या मुलीशी. लग्न आठवड्यावर आलेलं. तो तिच्या स्वयंपाकघरात जातो. टेबलावर लग्नाच्या बुटांचा खोका असतो. तो तिला सगळं सांगतो. ती एकच ग्लास पुन्हा पुन्हा विसळत राहते. मग म्हणते, “हे मी बूट घ्यायच्या आधी सांगायचं होतंस.”

ते वाक्य मी पुन्हा वाचलं.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केसलर. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, इमारतीच्या नियमांच्या स्वयंघोषित रखवालदार. जिना पुसायची पाळी माझी होती आणि मी साफ विसरलो होतो. मी पुस्तक हातात घेऊनच दारात गेलो. माझा चेहरा पाहून त्यांचं बोलणं तिथेच थांबलं.

“काय झालं? घरी कुणी वारलं का?”

काय सांगणार? मी म्हटलं, एक वाक्य नीट कळत नाहीये. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उंबऱ्यात उभं राहून ते वाक्य मोठ्याने वाचलं. बुटांचं. मग त्याच्या पुढचंही वाचलं, जिथे लिडिया म्हणते, “आता तुझ्या आईलाही जाऊन सांग. नाहीतर तिला वाटेल, खोट माझ्यातच होती.”

“हो,” फ्राउ केसलर म्हणाल्या. “बरोबर बोलली पोरगी.” पुस्तक परत दिलं आणि बादली कुठे ठेवलीय ते सांगून गेल्या.

जिना पुसून आलो आणि प्रकरण संपवलं. शेवटी नेस्टर आईच्या दाराशी येतो, बेलवर बोट ठेवतो, आतून चपलांचा आवाज जवळ येतो... प्रकरण संपलं, पान १९६. पुढचं पान मी उलटलं नाही. वहीत शब्द उतरवले — एकूण अडतीस — आणि मृणालला मेसेज केला, की उद्या सगळ्यांच्या आधी आपण दोघंच बोलू शकतो का.

रविवारी सकाळी तिला सांगितलं. जसं जमलं तसं. ती म्हणाली, “बूट घेतले नाहीत अजून. बरं झालं.” थोड्या वेळाने, “घरी मी सांगते, मला इतक्या लांब जायचं नाही म्हणून. तुमचं नाव येणार नाही. पण तुमच्या आईंना तुम्हीच सांगा. ते मी नाही सांगणार.”

तिने शब्द पाळला. अकराच्या कॉलवर तिच्या वडिलांनी माफी मागितली, आमचे बाबा ‘असू द्या, असू द्या’ म्हणाले, आणि सगळं दहा मिनिटांत आटोपलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की आता या जगात माझं गुपित माहीत असलेलं एकच माणूस आहे आणि ते माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही.

सोमवारी संध्याकाळी आईचा फोन. “खरं काय झालं? मुलगी अशी एकदम नाही म्हणणारी नव्हती. तू काय बोललास तिला?”

माझी सरळ सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, “आई, मी एक पुस्तक वाचतोय. त्यातली गोष्ट सांगू?” आणि नेस्टरची गोष्ट सांगितली. जिन्यावरची पोरं, तो मुलगा, लिडिया, बूट, सगळं. आई मध्ये फक्त एकदा बोलली: “ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सांग पुढे.” तिला तिथेच कळलं होतं. मी सांगत राहिलो, बेलपर्यंत आलो आणि थांबलो.

तिने विचारलं, “मग? आईने दार उघडलं का?”

“पुढचं वाचलं नाही अजून.”

“वाच,” ती म्हणाली. “वाचून सांग मला.” आणि फोन ठेवला.

मी लगेच पुस्तक उघडलं. पान १८७ वर नेस्टरच्या बहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाची पार्टी चालू होती.

मला वाटलं पान चुकलं. मागे गेलो, पुढे गेलो. पार्टी १९६ पर्यंत चालू होती आणि १९७ वर पोलीस येत होते. लिडिया नाही, बुटांचा खोका नाही. मग मी धडाधड शेवटपर्यंत वाचत गेलो, शब्दार्थ-बिब्दार्थ न लिहिता. कादंबरीभर लिडिया नावाचं कुणी नाहीच. नेस्टरचं लग्न ठरतच नाही. शेवटच्या पानावर तो कुणालाही न सांगता बस पकडून शहर सोडतो. आईला कधीच कळत नाही.

इंजिनियरचं डोकं... आधी बाइंडिंग तपासलं. पान फाडलेलं नाही, चिकटवलेलं नाही, क्रमांक सलग. मग वाटलं, ताणामुळे आपण हे सगळं स्वप्नात पाहिलं असेल. पण वही होती! माझ्याच अक्षरात, निळ्या पेनाने: १८९ — फेरलोब्ट — साखरपुडा झालेला. १९१ — ब्राउटशूहे — नवरीचे बूट. १९४ — मिटविस्सरिन — गुपित माहीत असलेली बाई. असे अडतीस. हे शब्द त्या पार्टीच्या पानांवर कुठेच नाहीत. मी बोट ठेवून ठेवून शोधलेत.

वही-पुस्तक घेऊन खाली गेलो. फ्राउ केसलरना विचारलं, शनिवारी तुम्ही काय वाचलं होतंत? “बुटांचं,” त्या लगेच म्हणाल्या. “ती पोरगी ग्लास धूत होती.” मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, मागे गेल्या, पुन्हा पुढे. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बाईच्या नजरेत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. “इथेच होतं,” एवढंच म्हणाल्या. मला आत बसवलं, कॉफी दिली. त्या इमारतीत दोन वर्षं राहून मी त्यांच्याकडे पहिल्यांदा बसत होतो. पुस्तकाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

पुढे मी जे करता येईल ते केलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दुसरी प्रत मागवली: पार्टी. इंग्रजी मूळ मिळवलं: पार्टी. प्रकाशकाला ईमेल केली. अशी कुठलीही आवृत्ती नाही, असं सभ्य उत्तर आलं. त्या कपाटात ते पुस्तक कुणी ठेवलं ते कळायला मार्गच नव्हता. ते दिवस फार वाईट होते. नेस्टर गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, उलट जास्तच. पुस्तकातल्या माणसाची इतकी उणीव भासते, हे सांगायचं तरी कुणाला?

पण हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यात माझ्यापुढे एकच प्रश्न होता — आईला काय सांगायचं? तिने बुधवारी फोन केला. इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

“वाचलंस का?”

पुस्तक समोर होतं. शेवटचं पान, बस, कुणालाही न सांगता निघालेला मुलगा. मी म्हटलं, “हो. वाचलं.”

“मग?”

“उघडलं दार.”

मागे कुकरच्या दोन शिट्या झाल्या. मग ती म्हणाली, “बरं झालं. बाहेर किती वेळ उभा होता पोरगा कुणास ठाऊक.” आणि नेहमीचा आवाज काढून म्हणाली, “डिसेंबरची तिकिटं बघ. उशिरा मिळत नाहीत मग.”

त्यानंतर आमच्यात स्थळांचा विषय निघाला नाही. मी जे सांगितलं त्याचाही निघाला नाही म्हणा. बाबांना तिने काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

एवढंच. मला आजही यातलं काहीही कळलेलं नाही, आणि कळलं असं सोंगही आणणार नाही. इथे जर्मनीत राहणारे बरेच वाचक आहेत, म्हणून लिहितोय. कुणाच्या चौकातल्या कपाटात नेस्टरची अशी प्रत मिळाली, ज्यात १८७ पासून लिडिया आहे, तर कृपा करून पान १९७ वाचा. आईने दार उघडलं असेल, तर मला कळवा. नसेल उघडलं, तर राहू द्या. मी आईला सांगून बसलोय.