मशीनचा वेग आणि आईची सावड

साहेबांनी अख्ख्या नोकरीत माझं मत एकदाच विचारलं. टेबल खिडकीजवळून हलवलं तेव्हा विचारलं नाही, चहावाला बंद करून पावडरचा मचूळ चहा सुरू केला तेव्हाही नाही. विचारलं ते कॉम्प्युटरच्या मेमरीबद्दल. जास्त वेगाची घ्यायची, की साधीवर भागवायचं? मी ‘घ्या’ म्हणाले. अजून कधी दमून बसले की ते आठवतं आणि त्या मशीनचा राग येतो. मशीनचा राग येऊन उपयोग काय म्हणा, पण येतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. खोपोलीतला कारखाना; नाव कशाला घ्या. मी बी.कॉम. होऊन टायपिस्ट म्हणून लागले होते. मग कॉम्प्युटर आला, आणि मला नि माझ्याबरोबरच्या कर्जतच्या बाईंना त्याच्यापुढे बसवलं. अख्ख्या ऑफिसात एसी फक्त त्या खोलीत. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत यायचं. मी लोधिवलीजवळच्या आमच्या गावातून शेताच्या बांधावरून चिखल तुडवत रस्त्यावर यायची, एस.टी.नं खोपोलीला, आणि तिथे पाय धुऊन त्या गारठ्यात स्वेटर घालून बसायची. आषाढात स्वेटर! गावात सांगितलं तर बायका हसायच्या.

मशीनवर आमचं मुख्य काम कामगारांच्या पगाराचं. प्रत्येक माणसाचा हिशेब करायला मशीन डिस्कवर जायचं, कुरकुर कुरकुर करायचं, परत यायचं, मग पुढचा माणूस. सकाळी लावलं की दुपारची जेवणं होऊन गेली तरी चालूच. मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पगाराच्या आठवड्यात आम्हा दोघींचा जीव मेटाकुटीला यायचा. एकीनं आकडे भरायचे, दुसरीनं ताडून बघायचे. त्या आठवड्यात रजेचं नाव काढायचं नाही, हा साहेबांचा नियम होता.

बाकीच्या दिवसांत मात्र आम्ही दोघींनी आपसांत सोय लावली होती. तिच्या गौरी-गणपतीला, तिच्या मुलांच्या दुखण्याखुपण्याला मी तिचं काम ओढायचं. आमच्या भातलावणीला तिनं माझं. साहेबांना काम झाल्याशी मतलब. “आपली पण सावडच हाय की गं,” असं मी एकदा तिला आमच्या गावच्या भाषेत म्हटलं होतं, तर ती किती हसली होती.

सावड म्हणजे काय, ते सांगायला हवं. लावणीला एका घरच्या बाया पुरत नाहीत. रोपं तयार झाली, खाचरात चिखल झाला, की दोनचार दिवसांत लावून व्हायला पाहिजे. मग आज सगळ्या बाया तुमच्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. पैसा नाही. तुमच्या शेतात माझ्या घरच्या जितक्या बाया राबल्या, तितक्या तुम्ही माझ्याकडे पाठवायच्या. आमच्या घरच्या बाया दोन, आई आणि मी. वडील लवकर गेले होते. चिखलणी काका करून द्यायचे, पण लावणी बायांची.

मला नोकरी लागल्यापासून माझ्या वाटची सावड आई फेडत होती. मला दोन दिवस रजा मिळायची, एखादा रविवार मिळायचा, उरलेलं तिच्या अंगावर. कुणाच्या शेतात आपल्या वाटचं लावून झालं की बाया घरी जायच्या, आणि ही मागे राहून माझ्या वाटचं लावत बसायची. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून. रात्री मी कमरेला तेल लावायला बसले की म्हणायची, “हळू गं, हाड हाय ते.” ती काही कुरकुरणारी बाई नव्हती. म्हणून ते ऐकलं की मी उठून तेलाची वाटी परत कोमट करून आणायची. त्या वर्षी तर उन्हाळ्यातच तिला हंडा उचलवेना. लावणीत मी घरी असणं भागच होतं.

आणि लावणीला काही कॅलेंडर कळत नाही. तिचे मुख्य दिवस नेमके पगाराच्या आठवड्यात यायचे.

तर त्या उन्हाळ्यात मुंबईहून कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनियर आला. टाय लावलेला, घामानं निथळणारा. त्यानं पिशवीतून हिरवा बोर्ड काढला आणि साहेबांना समजावलं, की तुमचा प्रोसेसर चांगला आहे हो, पण मेमरी मंद आहे; आकडा हातात येईपर्यंत तो बिचारा नुसता थांबून राहतो. मला पटकन कळलं. लावणारीचा हात चालतोय, पण रोपांच्या मुठी टाकणारा गडी सावकाश आहे, मग ती वाकून नुसती वाट बघत राहणार. “या बोर्डात सगळे कामगार एकदम मावतील,” तो म्हणाला. “सारखं डिस्कवर जायला नको.” साध्या मेमरीचाही बोर्ड होता त्याच्याकडे. जलद मेमरीचा त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा.

साहेबांनी डोक्याला हात लावला. तेवढ्या पैशात अख्ख्या ऑफिसला नवे पंखे आले असते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही रोज बसता यावर. खरं सांगा, एवढे जादा पैसे टाकण्यासारखं आहे का हे?”

पैशाच्या दृष्टीनं बघितलं तर नव्हतं. छपाईचं मशीन होतं तेच राहणार होतं, आणि ते आपल्या चालीनं करकरत बसणार होतं. साधा बोर्डही चालला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे चिखलात वाकलेली आई होती. पगार लवकर निघाला तर लावणीच्या आठवड्यात मला सुटका होती. मी म्हटलं, “आहे सर. पुष्कळ वेळ वाचेल.”

साहेबांनी बोर्ड घेतला. नारळ वगैरे फोडून बसवला. आणि खोटं कशाला बोलू, चाललं हो ते! सकाळी पगार लावला आणि चहा घेऊन आलो तर हिशेब संपून मशीन गप्प बसलेलं. आम्हा दोघींना खरंच वाटेना. कर्जतच्या बाईंनी सगळं परत ताडून बघितलं. छपाई धरूनही जेवणाआधी सगळं आटपलं. आम्ही डबे उघडले तेव्हा दोघींनाही भूक कमी आणि हसू जास्त येत होतं. “या वर्षी तू बिनघोर लावणी कर,” ती म्हणाली. “मी आहे.”

घरी जाऊन मी आईला सांगितलं, या वर्षी सगळी लावणी मी तुझ्याबरोबर. मशीन आता भरभर चालतं. आईनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्यांना सांगून टाकलं. आणि त्या भरवशावर सावडीत आमच्या घरच्या पुऱ्या दोन बाया धरायला लावल्या. एरवी ती चाचरत म्हणायची, पोरीचं काय जमेल तसं. या वर्षी मान ताठ करून म्हणाली, “दोगी येनार.”

मग जूनच्या अखेरीला साहेबांनी कर्जतच्या बाईंना डिस्पॅचला पाठवलं. गोडाऊनपाशी, पत्र्याच्या शेडमध्ये. मला म्हणाले, “एवढा पैसा घातलाय, तर आता हे एकीचं काम आहे. तुम्हीच म्हणालात ना, वेळ वाचेल?” आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की ते मला शाबासकी देतायत. बाई आपली पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन गेली. जाताना म्हणाली, “अगं, तुझ्या लावणीचं काय आता?” तिला स्वतःच्या शेडचं नाही, माझ्या लावणीचं पडलं होतं.

लावणी आली, पगाराचा आठवडाही आला. मी सकाळी पगार लावला, तो झाला, छपाई झाली. स्लिपा कापून, गठ्ठे बांधून साहेबांपुढे ठेवल्या आणि रजा मागितली. उरलेला दिवस आणि पुढचे तीन.

“तुम्ही गेल्यावर मशीनपाशी कोण?”

“सर, काम संपलंय.”

“संपलंय हो. पण काही निघालं तर? कुणाची दुरुस्ती, हेड ऑफिसचा फोन? दुसरं कुणाला येतंय का ते?”

येत होतं. ती गोडाऊनपाशी पेट्या मोजत होती. मी तसं म्हटलं. साहेब म्हणाले, तिला तिथून हलवता येणार नाही, तिथे माणूस कमी आहे. आणि मग अगदी समजुतीच्या सुरात, “बसा ना आरामात. एसी आहे, काम नाही. लोकांना असलं नशीब मिळत नाही.”

डोंबलाचं नशीब! मी जाऊन बसले. पंख्यासारखा मशीनचा घूं घूं आवाज. स्वेटर घट्ट ओढून मी हातावर हात धरून बसले. काचेबाहेर डोंगर भिजत होता, आणि मला माहीत होतं, की आत्ता आई कुणाच्या खाचरात आहे, तिच्या शेजारी माझी जागा मोकळी आहे, आणि ती जागा कोण भरून काढतंय. फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. मला इतकी चीड आली होती, की रडूही येईना.

नोकरी का सोडली नाहीस, असं कुणी विचारेल. घर माझ्या पगारावर चाललं होतं, म्हणून नाही सोडली. एवढंच त्याचं उत्तर.

आईनं दोघींची सावड फेडली. ‘दोगी येनार’ हा तिचा शब्द होता, आणि ती शब्द मोडणारी नव्हती. एकेका शेतात सगळ्या उठल्यावर ती वाकलेली. बायांना सांगायची, “पोरीला उसंतच नाय. मशीन लई मोठं हाय, तिच्याबिगर चालत नाय.” आमच्या शेतात सगळ्या आल्या, लावून गेल्या. त्यानंतर आईनं अंथरूण धरलं. नागपंचमीला ती भिंतीला धरून उठली. सरळ अशी ती नंतर कधी उभी राहिली नाही.

पुढच्या वर्षी पेरणी झाल्यावर दोघीजणी आमच्या पडवीत येऊन बसल्या. एक चुलत काकू, एक शेजारची. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग काकू म्हणाली, “वयनी, यंदा तुमी सावडीत नका येऊ. तुमच्यानं व्हनार नाय, आनि पोर तुमची नोकरीवाली. तुमी मजूर लावा. तुमाला काय जड हाय?” वाईट बोलली नाही. कळवळ्यानंच बोलली. आई म्हणाली, “बरं.” आणि कपबश्या उचलायला वाकली, तर त्यांनीच उचलल्या. लग्न होऊन गावात आल्यापासून ती या बायांबरोबर चिखलात उतरली होती. तिला घरात बसवलं ते दुखण्यानं बसवलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पटत नाही.

आम्ही मजूर लावले. माझ्या पगारातून. एका रविवारी लावणी होती, म्हणून मीही होते. मजूर बाया आपसांत बोलत होत्या, त्यांचं गाव वेगळं, त्यांच्या गप्पा वेगळ्या. आईनं चहाची किटली आणली होती. ती बांधावर पोतं टाकून बसली, मी खाली रोपं लावत होते. पलीकडच्या खाचरात आमच्या जुन्या सावडीतल्या बाया हसत खिदळत होत्या. आई तिकडे बघत नव्हती, पण कान तिकडेच होते.

मग तिनं मला विचारलं, “तुजं मशीन आता भरभर चालतंय ना गं?”

“चालतंय.”

“पगार कवा व्हतो मग?”

मी वाकलेली होते. दमले होते. एवढे दिवस जे सांगितलं नव्हतं, ते तोंडातून निघून गेलं. “चहाच्या टायमाला होतो. छपाई धरून जेवणाच्या आत.”

“मंग? नंतर काय करतेस सांजपतूर?”

“बसते.”

“बसतेस?”

“हो. कुणीतरी बसायला लागतं म्हणून बसते. मागच्या वर्षी लावणीतपण बसलेच होते.”

आईनं किटली जवळ ओढली. मला वाटलं, रागावली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं किटलीतला चहा ओतला, माझ्यापुढे धरला, आणि अगदी हळू, बाजूच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “नुसतं बसायचंच व्हतं, तर हितं येऊन बसायचीस गं. बांधावर. मी तुज्या वाटचं लावलंच असतं. पन माजी पोर आलीय, एवडं तरी बायांना दिसलं असतं.”