मिस्त्री व्रबेल यांनी न केलेली सही

मोराव्हियातील आमच्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीनचा बिडाचा सांगाडा ओतला की तो दोन हिवाळे अंगणात उघड्यावर ठेवत. ओतताना धातूत राहिलेला ताण तिथे हळूहळू सैल होई. असे सांगाडे पास करण्याचा अधिकार एकतीस वर्षे बोहुमीर व्रबेल या मिस्त्रींकडे होता. नवे संचालक श्टेर्बा यांना मात्र टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा हवा होता. त्यांच्या तक्त्यात टायटॅनियम वजनाला हलके, ताकदीला कितीतरी सरस आणि न गंजणारे ठरले होते. कंपन कोण किती जिरवते, याचा रकाना त्यात नव्हता.

"साहेब, जरा कान देऊन ऐका," व्रबेल म्हणाले. त्यांनी बिडाच्या तुकड्यावर हातोडी मारली. आवाज जागीच विझला. टायटॅनियमचा तुकडा मात्र बराच वेळ घुमत राहिला.

"वा, मिस्त्री! काय खणखणीत! आणि तुमचं बीड म्हणजे उकडलेला बटाटा!"

"अहो, हा खणखणाटच तर दोष आहे! ही थरथर घासणाऱ्या चाकात उतरणार आणि गुळगुळीत व्हायच्या भागावर लाटा उठणार."

"तक्त्यात कुठंय हे?"

"तक्ता तुम्हीच केलात ना?"

श्टेर्बा यांनी हसून मंजुरीचा कागद पुढे सरकवला. काय मोजायचे नाही हेही अधिकारी माणूसच ठरवतो, आणि त्यापुढे जाणत्याचे काही चालत नाही. व्रबेल यांनी सही केली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर ती त्यांच्या सहायकाने केली, आणि सोमवारपासून व्रबेल यांना भांडारात बसवण्यात आले.