मगरसर आणि तलावातला जबडा

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर कोणाचीही ओळख करून घेताना तो माणूस मगरीच्या कुठल्या भावकीतला, हे आधी ठरवत. सतत धावपळ करणारे पर्यवेक्षक म्हणजे लांब पायांची, जमिनीवर पळणारी मगर. मुख्याध्यापक मात्र पाण्यातली, आजवर टिकलेली. "हालत नाही, बोलत नाही, महिनोन्‌महिने उपाशी राहते. अशीले काय होते?" सर म्हणत. मुलांनी त्यांचं नाव मगरसर ठेवलं होतं आणि ते त्या हाकेला ओ देत.

सिहोऱ्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं आमचं गाव. मी तिथे मराठी शिकवते. पुस्तकात मगरीला दोन ओळी होत्या, सर तिच्यावर तीन तास घेत. मगरीच्या प्राचीन भाऊबंदांत काही दोन पायांवर चालत, काही गवत खात, काहींनी समुद्रात जाऊन पायांची वल्ही करून घेतली होती. मग पृथ्वीवर मोठमोठे संहार झाले आणि त्यांतले बहुतेक संपले. "डायनासोरसाठी सारेच रडतात," सर म्हणत, "मगरीच्या चुलत्याचं सुतक कोणी धरलं काय?" तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, "हे परीक्षेत येतं का?" सर नम्रपणे म्हणाले, "नाही साहेब. पण त्याइलेही परीक्षेची तारीख कोणी सांगतली नव्हती."

प्रयोगशाळेचं छत गळायचं. सर दर पावसाळ्यात अर्ज करत आणि सूक्ष्मदर्शक पोत्यात गुंडाळून आपल्या घरी नेत.

अशात तलावाचा गाळ काढताना एक जबडा निघाला. लोकांना हाड दिसलं, सरपंचांना पर्यटन दिसलं. दोन दिवसांत 'प्राचीन मगरग्राम' अशी कमान उभी राहिली. उद्घाटनाला मोठे पाहुणे ठरले. आता फक्त विज्ञानशिक्षकाचं प्रमाणपत्र हवं होतं. सरपंच जबडा घेऊन शाळेत आले. "सर, सही करा. लॅबचं छत याच महिन्यात टाकून देतो."

सरांनी दाढांवरून अंगठा फिरवला. "भाऊ, हा हल्या आहे. गाळात फसून मेला असन बिचारा."

"रेडा? काहून? गवत खाणाऱ्या मगरी होत्या म्हणून तुम्हीच तर पोराइले सांगून राहिले!"

"होत्या ना. पण त्याइच्यात आन या हल्यात कोट्यवधी वर्षं आहेत. तुमच्या कार्यक्रमासाठी मले ते पुसता येत नाही."

"छत पाहिजे का नाही?"

सर वर बघत राहिले. ओलीचे डाग पार भिंतीपर्यंत उतरले होते. "पाहिजे," ते म्हणाले, "लय पाहिजे." आणि कागद कोराच परत दिला.

मग तो कागद माझ्याकडे आला. माझं अक्षर चांगलं आणि विज्ञानाशी माझा संबंध नाही, दोन्ही गोष्टी सोयीच्या होत्या. "मजकुरात शंका दिसू नये, एवढं पाहा," मुख्याध्यापक म्हणाले. मुलांना छत मिळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि लिहिलं, 'सदर अवशेष प्राचीन मगरकुलातील आहे.' खाली नाव न लिहिता शाळेतर्फे नुसती सही केली. उद्घाटन झालं. काचेच्या पेटीतल्या हल्याला हळदकुंकू लागलं. जिवंतपणी त्याला एवढा मान कोणी दिला नसेल. आणि छतही झालं.

सर माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले. त्यांनी अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ झाला नाही. सरपंचांना वेळ नव्हता, म्हणून मुख्याध्यापकांनाही नव्हता. तुमसरच्या बसपर्यंत मी एकटीच गेले.

"सर, माझा राग आला असेल ना?"

"आला होता, बाई. पण सूक्ष्मदर्शक कोरडे राहिले." बसच्या पायरीवर चढून ते वळले. "पोराइले मात्र खरं सांगजा."

मी नाही सांगितलं. चांगली दोन वर्षं नाही सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात सर नागपूरला, मुलीच्या घरी वारले. बातमी आली त्याच आठवड्यात मी सातवीचा वर्ग ग्रामपंचायतीत नेला, पेटीसमोर उभा केला आणि म्हटलं, "हा मगरीचा जबडा नाही. हा हल्या आहे."

एका मुलीने काचेला नाक लावून आत ठेवलेलं प्रमाणपत्र वाचलं. "मंग हे खोटं कोणी लिवलं, बाई?"

सरपंच खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"मी," मी म्हणाले.