आपली चूक आपण करणारा

माझ्या आतेभावाइतका स्वतःच्या चुकांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. कॉलेजसाठी मी एकोडीला आत्याकडे राहत होते, तेव्हा दादा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी पहिल्या. कोणाला काही विचारायचं नाही, हा त्याचा बाणा. मोहाडीला मित्राच्या लग्नाला गेला, तर मांडव कुठला हे न विचारता भलत्याच नवरदेवाला आहेर देऊन, पोटभर जेवून आला. भाजीत मीठ पडलंय का, हेही आत्याला विचारत नसे. पुन्हा घाली आणि ती खारट भाजी निमूट संपवी. आत्या वैतागली की दादा म्हणे, "चुकाचं तं आपलं आपन चुकू ना. दुसऱ्याची चूक काहून उसनी घेऊ?"

परीक्षेतही तेच. आमच्या कॉलेजात कॉपीला कोणी चोरी समजत नसे, ती मैत्री समजली जाई. कोणी म्हणे, तासच झाले नाहीत तर लिहायचं काय. कोणी म्हणे, सगळेच करतात. दादा वाद घालत नसे. आलेली चिठ्ठी न उघडता जिथून आली तिथे परत पाठवी, म्हणून पोरं त्याला गर्विष्ठ म्हणत.

अर्थशास्त्राच्या पेपरला आमच्या वर्गाची पोरं मध्येमध्ये बसवली होती, मी दादाच्या शेजारच्याच रांगेत होते. प्रश्न होता मागणीच्या नियमाचा. तुमसरच्या राइस मिलवाल्याचा मुलगा हा दादाचा जिवलग दोस्त. त्याने घाईघाईत फिरवलेली चिठ्ठी निघाली पुरवठ्याच्या नियमाची. दादाला वगळून ती रांगभर गेली आणि रांगेने ती इमानेइतबारे उतरवली. दादा एकटा छताकडे बघत, स्वतःशी पुटपुटत मागणी लिहीत होता.

व्हायचं तेच झालं. अख्ख्या रांगेचा निकाल अडकला, चौकशी बसली. वेगळा पेपर एकट्या दादाचा, म्हणून त्यालाच आधी बोलावलं. चिठ्ठी कोणाची ते सांग, तुझा निकाल आजच मोकळा करतो, असं समितीच्या सरांनी त्याला समजावलं. त्याला बी.एड.ला जायचं होतं, प्रवेशाची मुदत संपत आली होती. पण दादा म्हणाला, "सर, मी माहा पेपर लिवला. त्याचं काई बी इचारा. दुसऱ्याचं मी नाई सांगत." त्याचाही निकाल तसाच राहिला आणि प्रवेश हुकला. आत्या त्याच्याशी धड बोलेना. तिकडे कॉलेजात मात्र यानेच चुगली केली असं पसरलं.

एका दुपारी तो मिलवाल्याचा मुलगा घरी आला. आल्या आल्या म्हणाला, "माहं नाव काहून नाई सांगतलं?"

"तुही गोष्ट हाय," दादा म्हणाला. "सांगाची तं तू सांगशीन."

दुसऱ्या दिवशी तो पोरगा प्राचार्यांकडे गेला आणि स्वतःच सगळं सांगून आला. रांगेला पुन्हा परीक्षा द्यायची शिक्षा झाली, दादाचा निकाल लागला. दादा नापास होता. मागणीचा नियम त्याने मनाने लिहिला होता, आणि आकृती साफ उलटी काढली होती. आत्याने कपाळावर हात मारला. दादाने ती आकृती मला पुन्हा काढून दाखवली आणि आपण नेमके कुठे चुकलो ते समाधानाने समजावलं.

पुढच्या परीक्षेसाठी ते दोघं आमच्याच ओसरीवर अभ्यासाला बसत. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला कोणाला तरी काही विचारताना ऐकलं. "समजावून सांग," तो म्हणे, "पन लिवून देऊ नको." दोघंही पास झाले, बेताच्याच मार्कांनी.

आता तो दोस्त पुण्याला नोकरीला आहे. दादा बी.एड. करून गावाजवळच्या शाळेत शिकवतो. फोनवर त्यांचं फारसं बोलणं होत नाही. गेल्या दिवाळीत माहेरी जाताना आत्याकडे थांबले, तर दोघं तलावाच्या पाळीवर खांद्याला खांदा लावून बसलेले दिसले. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. थोडा वेळ तिथेच उभी राहिले आणि आत्याच्या घरी परतले.